दुपारचा दमाम

सुरंगमाळच्या वस्तीत रोज दुपारी नाच चालतो, असं कंपनीचं यंत्र सांगत होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आणि मी त्याच वस्तीतली.

आधी वस्तीबद्दल सांगते, कारण आम्हाला पाहिलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. बेळगावच्या खाली घाटमाथ्याच्या जंगलात आम्ही सिद्दी राहतो. आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. संधी मिळताच ते मालकांच्या हातावर तुरी देऊन घाट चढले आणि या रानात आले. त्याला काही शतकं झाली. आमची बोली मराठी-कोंकणी, आमच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे, आणि तरीही बसस्टँडवर माझे केस आणि रंग बघून कुणीतरी विचारतंच, "कुठल्या देशाच्या तुम्ही?" मी म्हणते, "इथल्याच. तुमच्या आधीच्या असू." मग तो माणूस उठून दुसऱ्या बाकावर बसतो.

पळून आलेल्या माणसांना जागा बदलायची सवय असते, असं सरकारला वाटत असावं. माझ्या आजोबांचं गाव धरणात गेलं. आईचं माहेर वाघांसाठी रिकामं केलं. दोन्ही वेळा कारण चांगलंच होतं, विजेचं आणि निसर्गाचं. त्यामुळे आमच्याकडे कुणी हसत हसत जीपमधून उतरलं की बायका आधी कोंबड्या आत घेतात.

कंपनीची माणसंही हसतच आली होती. वस्तीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं मोठं पठार आहे, आम्ही त्याला सडा म्हणतो. तिथं त्यांनी तळं बांधलं. दुपारी उन्हाची वीज फुकट म्हणावी इतकी स्वस्त असते, तेव्हा पंपांनी खालच्या नदीचं पाणी या तळ्यात चढवायचं. संध्याकाळी शहरं दिवे लावू लागली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. कोळसा नाही, धूर नाही. कल्पना उत्तम होती, हे मी आजही म्हणते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. कंपनीनं मला सड्यावरच्या श्रवणकेंद्रात नोकरी दिली आणि जाहिरातीत माझा फोटोही छापला.

श्रवणकेंद्र म्हणजे डोंगराला लावलेला कान. उतारावर सगळीकडे काचेच्या धाग्याची तार पुरलेली होती, इंटरनेटसाठी वापरतात तसलीच. तिच्यात लेसरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतात आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागं परततो. जमीन केसभर जरी हलली तरी तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो बदल कुठून आला हे मोजलं, की तारेचा प्रत्येक हातभर तुकडा स्वतंत्र कान होतो. गव्याचं चालणं, ट्रॅक्टर, झाड पडणं, सगळं ऐकू येतं. डोंगर सरकू लागला तर तेही.

पण ऐकणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. कुठला आवाज कशाचा, हे यंत्राला शिकवावं लागतं. तार पुरली तेव्हा कंपनीनं वस्तीला जेवण दिलं आणि दमाम वाजवायला सांगितला. दमाम हा आमचा मोठा ढोल, दोन्ही बाजूंनी वाजवायचा. वस्तीतले सगळ्यांत जाणते वादक इनासबाबा यांनी तो वाजवला, वस्ती मनसोक्त नाचली आणि यंत्रानं तो ठोका आणि ते पाय लक्षात ठेवले. त्यानंतर वस्तीच्या बाजूनं तसा ठोका आला की पडद्यावर उमटायचं: 'दमाम. सुरंगमाळ वस्ती. मानवी गोंगाट. धोका नाही.'

तळं भरलं त्यानंतर वस्तीतल्या भिंतींना चिरा पडू लागल्या. झऱ्याला लाल पाणी येऊ लागलं. बस्त्यांवमामा, माझ्या आईचा भाऊ, चारजणांना घेऊन तक्रार करायला वर आला. तेव्हा व्यवस्थापक सबनीस साहेबांनी त्याला हाच पडदा दाखवला.

"हे बघा, तुमच्याकडे रोज नाच असतो. मातीच्या भिंती आहेत, हादरणारच," ते गोड आवाजात म्हणाले. "नाचू नका असं मी कसं म्हणू? तुमच्या रक्तातच आहे ते. थोडं कमी करा, एवढंच."

मामा माझ्याकडे बघत राहिला. मी पडद्याकडे बघत राहिले. वस्तीतली पोरं कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेत आणि दुपारी तालीम करत, हे मला माहीत होतं. रोज करतात का, हे मी कधी विचारलं नव्हतं. यंत्र सांगत होतं ना!

मग इनासबाबा गेले. ते म्हातारे होते, झोपेतच गेले. आमच्यात कुठल्याही घरी, कुठल्याही धर्माचं माणूस गेलं, तरी दमाम गप्प होतो. नुसता वाजवत नाहीत असं नाही. त्याच्या दोऱ्या सैल करतात, म्हणजे चामडं ढिलं पडतं आणि कुणी हात मारला तरी आवाज निघत नाही. मग त्याला कांबळ्यात गुंडाळून ठेवतात. बाबा ख्रिस्ती होते, म्हणून त्यांच्या महिन्याच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, दोऱ्या कुणी आवळणार नव्हतं.

आणि बाबांना माती दिल्यानंतरच्याच आठवड्यात, भर दुपारी, माझ्या पडद्यावर उमटलं: 'दमाम. सुरंगमाळ वस्ती. धोका नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनीच ज्यांना वाजवायला शिकवलं त्या पोरांनी त्यांच्या सुतकात तालीम करावी? कामाची पाळी संपताच मी तडक मामाच्या घरी गेले. पोरांचा ताफा तोच सांभाळायचा.

"कुणी वाजवला?"

"काय ते?" मामा विळ्याला धार लावत होता.

"दमाम. आज दुपारी. लाज वाटत नाही तुमच्या पोरांना?"

मामा उठला. आतून कांबळ्याचं गाठोडं आणून त्यानं माझ्या पुढ्यात उलगडलं. दोऱ्या लोंबत होत्या. चामड्यावर सुरकुत्या होत्या.

"कुणी सांगितलं गे तुला, वाजवला म्हणून?"

"यंत्रानं."

"आणि तू आम्हाला विचारायला आलीस," मामा म्हणाला. "यंत्राला न्हाई विचारलंस, कोण वाजवालंय म्हणून. जा आता. कंपनीचा कान आमच्या दारात नको."

मी घरी आले आणि आईशीही धड बोलले नाही. लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर मामावरचा संशय अजून पुरता गेला नव्हता. दोऱ्या सैल करायला कितीसा वेळ लागतो, असंही मनात येत होतं. नोकरीनं माणसाचं असं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी केंद्राचा टॅब घेऊन आमच्याच अंगणात बसले. पुरुष कामाला गेले होते, बायका रानात होत्या. आई सावलीत जुन्या साड्यांची गोधडी शिवत होती. ऊन चढलं, सड्यावरचे पंप घुमू लागले आणि थोड्या वेळानं टॅबवर उमटलं: 'दमाम. नाच.'

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं.

"वस्तीत नाच चाललाय म्हणतंय."

आईनं सुई थांबवून अंगणभर नजर फिरवली. "कोंबड्या असतील," ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि मग दिसलं की अंगणात खरंच कोंबड्यांशिवाय काही हलत नव्हतं. यंत्रानं लावलेली नावं बाजूला सारून मी नुसता कच्चा सूर उघडला, आजचा आणि मागच्या दिवसांचाही. ठोके होते. अगदी दमामासारखे, अंतर राखून पडणारे. तळ्यातलं पाणी चढेल तसे ते जवळजवळ येत आणि पाणी उतरलं की विरळ होत.

जांभा दगड चाळणीसारखा असतो. त्यातून झिरपलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं. तो थर बुळबुळीत झाला की वरचा डोंगर त्यावरून उतरू लागतो. ओल्या फरशीवरून जड पेटी ढकलली तर ती सलग सरकत नाही, ठक ठक करत अडखळत जाते. डोंगराचंही तसंच चाललं होतं. आणि आवाज वस्तीतून आला की वस्तीच्या खालून, हे जमिनीलगतच्या तारेला सांगता येत नाही. यंत्रानं ठोका ऐकला, खाली सिद्दी राहतात हे त्याला शिकवलेलं होतंच, आणि त्यानं नाच म्हणून नोंद केली. भर दुपारी, रोज, कामाच्या वेळी. एकाही शहाण्याला, त्यात मीही आले, विचारावंसं वाटलं नाही की ही माणसं पोट कधी भरतात?

मामाला दाखवलं. त्यानं ठोके मोजले, मान हलवली, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे दमाम सुटला आणि आम्ही अडकलो," तो म्हणाला. "डोंगर सराकलाय म्हटलं की तळं हलवणार हायत व्हय? आम्हालाच हलवणार की."

"पण मामा, राहिलो तर मरू."

"ते कळतंय मला."

दुसऱ्या दिवशी मी सबनीस साहेबांकडे गेले. ते दचकतील, चिडतील, निदान खुर्चीतून उठतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"विचार करून बोला, रुजाय," ते म्हणाले. "डोंगर सरकतोय असं तुम्ही लेखी दिलंत, तर तुमची वस्ती तिथं ठेवता येणार नाही. कायदाच आहे. जमिनीवरचा हक्कही मग राहत नाही. अर्थात तुमची सोय आहेच. वसाहत तयार आहे."

"तयार आहे?"

"सामाजिक जबाबदारी म्हणून बांधलीय."

ती वसाहत मी येता-जाता पाहिली होती. तालुक्याच्या कचरा डेपोला लागून पत्र्याच्या खोल्या होत्या. कामगारांसाठी असतील असं मला वाटायचं. त्यांचा पाया घातला तेव्हा आमच्या एकाही भिंतीला चीर गेलेली नव्हती. मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना आधीपासून ठाऊक होतं का? हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ते फक्त म्हणाले, "बांधाची उंची वाढवायची जनसुनावणी आहे. तोवर शांत राहा."

तेव्हा सगळं ध्यानात आलं. डोंगर स्थिर असेल तर बांध वाढणार आणि डोंगर हलत असेल तर आम्ही हलणार. कंपनीचे दोन्ही डगरींवर पाय होते आणि आमच्या पायाखाली डोंगरच नव्हता. मला इतका संताप आला की मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले.

मी हे सगळं मामाला सांगितलं. मग त्यानं कायद्याबद्दल खोदून खोदून विचारलं. पूर्वी धोक्याची जागा तहसीलदार डोळ्यांनी बघून ठरवत. त्यात प्रकल्प रखडतात म्हणून कंपन्यांनीच मागणी करून नवा नियम आणला होता: यंत्राचा नकाशा हाच शेवटचा शब्द. लाल जागेतली माणसं लगेच काढायची आणि नकाशावर सर्वांत जवळ जी हिरवी जागा असेल तिथं न्यायची.

"मग हिरवं कुठं हाय?" मामानं विचारलं.

मी सांगितलं. मामा इतका हसला की शेजारची माणसं बाहेर आली.

सुनावणीपर्यंत उताराकडच्या घरांतली माणसं आम्ही पलीकडच्या डोंगरावरच्या शाळेत झोपायला पाठवली. सुनावणी सड्यावरच होती, कंपनीच्या अतिथीगृहाच्या हिरवळीवर, मांडव घालून. मामानं वस्तीला निरोप दिला होता की सगळ्यांनी यायचं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, भांडी, गोधड्या, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, काही मागं ठेवायचं नाही. सबनीस साहेबांना वाटलं आम्ही जेवायच्या तयारीनं आलोय. तहसीलदार अंगडी मॅडम कपाळाला आठ्या घालून शेळ्यांकडे बघत होत्या. मामानं कांबळं सोडलं आणि सैल दोऱ्यांचा दमाम त्यांच्या टेबलापुढं ठेवला.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"आमच्यावर आरोप हाय न्हवं नाचायचा. मुद्देमाल आणलाय," मामा म्हणाला.

साहेबांनी यंत्राची मोठी तारीफ केली. भल्यामोठ्या पडद्यावर डोंगराचा नकाशा थेट दाखवला. वस्तीतल्या नाचाशिवाय उतारावर कुठलीही हालचाल नाही, सबब बांध वाढवायला हरकत नाही, असं सांगितलं. लांबून पंपांची घरघर येतच होती. बोलता बोलता साहेबांच्या पाठीमागं पडद्यावर अक्षरं उमटली: 'दमाम. सुरंगमाळ वस्ती. नाच. धोका नाही.'

मांडवात आधी एक म्हातारी हसली, मग सगळी वस्ती.

"खाली कोण वाजवतंय?" मॅडमनी विचारलं.

"असतील कुणी पोरं—" साहेब म्हणाले.

"सगळी पोरं इथं हायत. मोजून घ्या की," मामा म्हणाला. "आणि दमाम तुमच्या पुढ्यात."

मॅडम उठल्या. त्यांनी दमामावर थाप मारली. गोणीवर मारावी तसा भद्द आवाज आला. पडद्यावर ठोके चालूच होते.

मी उभी राहिले. नोकरी गेली हे उभं राहतानाच कळलं होतं. पाणी, जांभा, चिकणमाती, सगळं सांगितलं. यंत्राला लावून दिलेलं ते एक नाव काढा, एवढंच म्हणाले. मॅडमनी हुकूम दिला. नाव काढल्याबरोबर सगळा उतार, आमच्या घरांसकट, लाल झाला. आता मात्र कुणी हसलं नाही. आईनं माझा दंड घट्ट धरला. बघताना मलाही रडू आलं, कारण ते आमचं गाव होतं.

"वस्ती ताबडतोब रिकामी करावी लागेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"वसाहत तयार आहे. गाड्याही आहेत," साहेब लगेच म्हणाले.

"वस्ती रिकामीच हाय," मामा म्हणाला. "आम्ही सगळी इथं आलोय. मॅडम, नियमात काय लिहिलंय बघा. सर्वांत जवळचं हिरवं."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. लाल उताराला लागून, सड्याच्या काठापासून आत, सर्वांत जवळची हिरवी जागा एकच होती. अतिथीगृह, त्याची हिरवळ आणि पोहण्याचा तलाव. मॅडमनी दोनदा पाहिलं, मग तोंड गंभीर ठेवून सही केली. शेळ्यांनी त्याआधीच गुलाबांचा ताबा घेतला होता.

आम्ही तिथं राहिलो. कंपनीनं संडासांना कुलपं लावली, ती मॅडमनी उघडायला लावली. वीज तोडली, आम्ही चुली पेटवल्या. परदेशी पाहुणे पाहणीला यायचे होते, त्यांची भेट रद्द झाली. पोहण्याच्या तलावात म्हशी बसल्या. त्यानंतर एके दिवशी तळं रिकामं होऊ लागलं. जाहीर कारण होतं 'देखभाल'. डोंगराचं नावही कुणी घेतलं नाही.

तळ्याचा तळ उघडा पडला तेव्हा सबनीस साहेब टॅब घेऊन आले. सोबत टेम्पो होते.

"बघा, सगळं हिरवं. ठोके थांबले. तुम्ही जिंकलात. चला आता आपापल्या घरी," ते म्हणाले.

लोकांनी ओरडूनच आनंद केला. हिरवळीवर झोपून सगळे कंटाळले होते. फणस पिकून गळत असतील, कुणाच्या घरी गेलेल्या माणसाचे दिवस घालायचे राहिले होते, कुणाला नुसतं आपल्या दारात बसायचं होतं. बघता बघता भांडी टेम्पोत चढली. मामानं स्वतः आमची पेटी वर चढवली.

आई मात्र टेम्पोपाशी थांबली. साहेबांच्या हातातल्या टॅबकडे तिनं बघितलंही नाही.

"रुजाय, यंत्र राहू दे. तू सांग. तिथं जाऊन मी डोळा मिटू?"

सगळे थांबले. मी साहेबांना म्हणाले, "कच्चा सूर दाखवा."

"तुम्ही आता कर्मचारी नाही आहात. आणि नकाशा समोर आहे की."

हिरवं कसं करतात हे मला ठाऊक होतं. एका आवाजाला एक नाव द्यायचं, बस्स. कदाचित या वेळी त्यांनी तसं केलंही नसेल. कदाचित डोंगर खरंच शांत झाला असेल. पण सकाळी मी झऱ्यावर जाऊन आले होते आणि पाणी अजून लाल होतं. म्हणजे आतली चिकणमाती अजून वाहत होती.

मला हो म्हणायचं होतं. आईच्या चेहऱ्याकडे बघून तर फारच म्हणायचं होतं.

"मला खात्री नाही, आई," मी म्हणाले. "झऱ्याचं पाणी निवळेपर्यंत तरी नको."

आईचा चेहरा पडला. मागं कुणीतरी चरफडलं, एक पोर रडू लागलं. साहेब हसून म्हणाले, "आता यांचं ऐकणार का नकाशाचं, ते तुम्हीच ठरवा."

आता कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी खाली मान घालून उभी राहिले. वस्तीनं माझं ऐकावं असं मी आजवर काय केलं होतं?

टेम्पोचा दरवाजा वाजला. मामा वर चढला होता. नुकतीच चढवलेली पेटी त्यानं ओढून काढली आणि खाली दिली.

"अहो, नकाशा हिरवा आहे!" साहेब म्हणाले.

"आसंल," मामा म्हणाला आणि दुसरं भांडं उचललं. "आमच्या पोरीला खात्री न्हाई."